बुडालेलं शहर आणि आज्ञाधारक खेळाडू : ‘बायोशॉक’चं बळ आणि उणिवा

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने व्हिडिओ गेमवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. नातवाने आग्रहाने शेजारी बसवलं. कंट्रोलर त्याच्या हातात आणि प्रश्न आमच्याकडे, अशी वाटणी झाली. खेळ होता २००७ सालचा ‘बायोशॉक’. त्यातलं मुख्य रहस्य आज सांगावं लागणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

थोडा इतिहास पाहू. ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणजे पात्राच्या डोळ्यांनी जग पाहायचं. पडद्यावर दिसतो तो आपला हात आणि हातातलं शस्त्र. १९९३ च्या ‘डूम’ने हा प्रकार लोकप्रिय केला, पण त्यात कथा नावापुरतीच होती. १९९४ च्या ‘सिस्टिम शॉक’ने आणि १९९९ च्या त्याच्या दुसऱ्या भागाने वेगळी वाट धरली. ओसाड जागेत हिंडायचं, तिथल्या माणसांनी मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रित नोंदी ऐकायच्या आणि काय घडलं ते आपलं आपण जुळवायचं. त्या दुसऱ्या भागाचे रचनाकार केन लेव्हिन. ‘बायोशॉक’ही त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाला.

कथा १९६० सालातली. अटलांटिक महासागरात विमान कोसळतं, नायक एका दीपगृहाशी पोहोचतो आणि तिथून समुद्राच्या तळाशी वसवलेल्या ‘रॅप्चर’ या शहरात उतरतो. अँड्र्यू रायन या उद्योगपतीने ते उभारलेलं आहे. तिथे सरकारची लुडबूड नाही, धर्माची नाही. ज्याच्या कष्टाचं फळ त्याचं. आमच्या पिढीत कॉलेजच्या वयात ज्यांना आयन रँडने झपाटलं होतं, त्यांना हे नाव ऐकताच ओळख पटेल. रँडची ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ कादंबरी १९५७ ची. रँड आणि रायन दोघेही रशिया सोडून अमेरिकेत आलेले. खेळ या विचारावर प्रवचन झोडत नाही. गळणाऱ्या भिंती, फुटलेली नाट्यगृहं आणि वेडी झालेली माणसं दाखवतो आणि निष्कर्ष आपल्यावर सोडतो. हे त्याचं पहिलं बळ.

दुसरं बळ मध्यावर कळतं. रेडिओवरून अ‍ॅटलास नावाचा माणूस नायकाला मार्ग दाखवत असतो. अमुक उघड, तमुक आण. बोलणं मोठं नम्र. पुढे उघड होतं, की त्या नम्र विनंतीतल्या ठरावीक शब्दांना नायकाचं मन जन्मापासून बांधलेलं आहे. ते ऐकले की त्याला नाही म्हणता येत नाही. रायनच्या दालनात खेळाडूच्या हातातलं नियंत्रणच काढून घेतलं जातं, आणि नायक रायनच्याच हुकमावरून त्याला ठार मारतो. नातू म्हणाला, “आजोबा, मी बटण दाबतच नाहीये.” आम्ही गप्प झालो. इतका वेळ त्याने जे जे केलं, तेही कुणी सांगितलं म्हणूनच केलं होतं ना?

आता उणिवा. एवढा प्रश्न विचारल्यावर खेळ करतो काय? नायकाची त्या शब्दांतून सुटका होते, रेडिओवर दुसरा आवाज येतो आणि आपण त्याचं ऐकू लागतो. शेवटी नेहमीसारखी एका बलाढ्य खलनायकाशी मारामारी. क्लिंट हॉकिंग या रचनाकाराने २००७ मध्येच या विसंगतीवर बोट ठेवलं : खेळाचे नियम एक शिकवतात, कथा दुसरंच. त्यासाठी त्यांनी वापरलेली ‘ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ ही संज्ञा पुढे रूढ झाली.

दुसरी उणीव आम्हाला अधिक खुपते. शहरात लहान मुली आहेत. त्यांच्या शरीरात ‘अ‍ॅडम’ हे शक्तिदायी द्रव्य. मुलीचा जीव घेतला तर १६० अ‍ॅडम मिळतं, वाचवली तर ८०. माणसाला साधन मानू नये, हा कांटचा मुद्दा इथे थेट उभा राहतो. पण दर तीन मुली वाचवल्या की २०० अ‍ॅडमची भेट येते. हिशेब करा : तीन मारल्या तर ४८०, वाचवल्या तर ४४०, वर भेटीतल्या इतर वस्तू. म्हणजे चांगुलपणा जवळजवळ फुकटच पडला! ज्यात काही गमवावं लागत नाही, त्या निवडीला नैतिक कसं म्हणायचं? मरणाचंही तेच. मेलं की जवळच्या यंत्रातून पुन्हा जिवंत. ते बंद ठेवण्याची सोय नंतर दिली गेली.

तरीही हा खेळ आम्ही कमी लेखणार नाही. तीसेक वर्षं आम्ही वर्गात स्वातंत्र्य ही संकल्पना शिकवली. ‘स्वतः विचार करा,’ असं सांगत राहिलो, आणि परीक्षेत आमच्या टिपणातलं उत्तर लिहिणाऱ्याला जास्त गुण दिले. आमचंही सांगणं एक आणि नियम दुसरे. तेव्हा ते लक्षात आलं नाही; समुद्राच्या तळाशी बसून आलं. ‘बायोशॉक’ला त्याच्याच प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, हे खरं. पण प्रश्न त्याने खेळाडूच्या बोटांपर्यंत नेला, आणि ते आमच्या व्याख्यानांना फारसं साधलं नव्हतं.