निवेदक गप्प झाला तेव्हा

एखाद्या प्रयोगशील लघुपटाने प्रेक्षक अस्वस्थ झाला, चिडला किंवा उठून गेला, असे उल्लेख चित्रपटांच्या इतिहासात वारंवार भेटतात. त्या प्रेक्षकाने तिकीट कशाचे काढले होते, हे मात्र क्वचित विचारले जाते. आपल्याकडे तर हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. कारण आपला सर्वांत धाडसी प्रयोगशील लघुपट ज्या सरकारी संस्थेत तयार झाला, तिचे काम प्रेक्षकाला न विचारता लघुपट दाखवण्याचे होते.

आधी दूरचे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत टोनी कॉनरॅड याने १९६६ साली 'द फ्लिकर' हा अर्ध्या तासाचा चित्रपट केला. त्यात पात्रे नाहीत, प्रसंग नाहीत. कोऱ्या काळ्या आणि कोऱ्या पांढऱ्या चौकटी बदलत्या गतीने आलटून पालटून येत राहतात आणि सोबत कॉनरॅडनेच तयार केलेला इलेक्ट्रॉनिक नाद घुमत राहतो. चित्रपटाच्या आरंभीच सूचना येते, की हे पाहून काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. प्रेक्षकाने स्वतःच्या जबाबदारीवर बसावे आणि डॉक्टर हजर असावा. ही सूचना म्हणजे निव्वळ दिखाऊपणा नव्हता. डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या दूरचित्रवाणीवर 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या मुलांना कोणी सावध केले नव्हते. कॉनरॅडचा प्रेक्षक सूचना वाचून बसत होता. तो प्रयोगाचा भागीदार होता.

'द फ्लिकर'नंतर दोनच वर्षांनी, १९६८ साली, मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांनी 'एक्सप्लोरर' केला. पती मूळचे ओडिशाचे. प्राग येथे यिरी त्रन्का यांच्या हाताखाली ते बाहुल्यांचे अॅनिमेशन शिकले होते. 'एक्सप्लोरर' सुमारे सात मिनिटांचा, कृष्णधवल. बेभान नाचणारी तरुण मंडळी, देवदेवतांच्या प्रतिमा, प्रयोगशाळेतील उपकरणे, माणसांचे चेहरे, हे सारे डोळा स्थिरावण्यापूर्वीच निघून जाते. संकलन इतके झपाट्याचे की दृश्यांचा ओघ संपून त्यांचा मारा सुरू होतो. संगीत विजय राघव राव यांचे. हे रविशंकरांचे शिष्य, नामवंत बासरीवादक. पुढच्याच वर्षी आलेल्या मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'चे संगीत त्यांचेच. पण 'एक्सप्लोरर'मध्ये बासरीचा दिलासा नाही. इलेक्ट्रॉनिक आवाज, ठेके आणि चित्कार दृश्यांइतकेच अंगावर येतात. आजही तो पाहताना खुर्चीत सावरून बसावे लागते.

आता फिल्म्स डिव्हिजनचा प्रेक्षक कोण होता ते पाहू. चित्रगृहांना सरकारमान्य लघुपट दाखवण्याची सक्ती प्रथम महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, भारत संरक्षण नियमांखाली झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि ही सक्ती चित्रगृहाच्या परवान्याची अट म्हणून टिकली. प्रत्येक खेळात मुख्य चित्रपटाआधी वार्तापट किंवा अनुबोधपट दाखवायचा आणि त्याचे भाडेही चित्रगृहाच्या मालकानेच भरायचे. प्रेक्षकाने यावर आपला तोडगा काढला. 'न्यूजरील' संपेपर्यंत बाहेर विडी ओढत थांबायचे, किंवा आत बसून गप्पा मारायच्या. त्याची प्रतिक्रिया कोणी लिहून घेतली नाही, पण ती रोज, प्रत्येक खेळाला उमटत होती.

ही अट मुंबईला जशी होती तशीच सोलापूरलाही होती. आणि सोलापूरसारख्या गावात तिला आणखी एक अर्थ होता. गिरण्यांच्या पाळ्यांवर आणि हातमाग-यंत्रमागांवर जगणारे हे गाव मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत बोलते. फिल्म्स डिव्हिजन आपल्या लघुपटांचे निवेदन अनेक भारतीय भाषांत करवून घेत असे. तरी एका पडद्यावर एका वेळी एकच भाषा बोलणार. म्हणजे पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराला पडद्यावरचा आवाज बहुधा दुसऱ्याच्या भाषेत उपदेश करी. धरण बांधले गेले आहे, लस टोचून घ्या, कुटुंब लहान ठेवा. तो आवाज भारदस्त असे, शुद्ध असे आणि त्याला कधीही शंका पडत नसे.

'एक्सप्लोरर'ने हा आवाजच काढून घेतला. माझ्या मते त्याच्या अस्वस्थतेचे मूळ येथे आहे. झपाट्याची दृश्ये डोळ्यांना त्रास देतात हे खरे, पण वीस वर्षे ज्या पडद्याने प्रत्येक चित्राचा अर्थ सांगितला, त्याच पडद्याने अचानक चित्रे समोर फेकून अर्थ न सांगणे, हा धक्का त्याहून खोल आहे. देवाची मूर्ती आणि प्रयोगशाळेतले यंत्र शेजारी ठेवले, तर यातले चांगले कोणते? नाचणाऱ्या तरुणांकडे कौतुकाने पाहायचे की काळजीने? निवेदकाने हे एका वाक्यात सांगून टाकले असते. पतींनी ते प्रेक्षकावर सोपवले. निःशब्द असल्यामुळेच हा लघुपट चारही भाषकांना सारखाच कळणारा किंवा सारखाच न कळणारा होता. अशा गावासाठी ही समानता किरकोळ नव्हे.

ही वाट पतींच्या आधी एका चित्रकाराने चोखाळली होती. पंढरपुरात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातच, जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी १९६७ साली 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' केला. जहांगीर भावनगरी यांच्यासारखा जाणता सल्लागार तेव्हा संस्थेत होता, म्हणून ते घडले. राजस्थानातली दृश्ये, त्यांत छत्री, कंदील, जोडा यांसारख्या साध्या वस्तू, आणि त्यांना जोडणारी कोणतीही गोष्ट नाही. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. इतिहासाने नोंद ठेवली ती या दादेची. छत्री-कंदील ज्यांच्या घरात खुंटीला टांगलेले होते, त्यांची दाद वा नाराजी कोणाच्या दप्तरात गेली नाही.

येथे एक विसंगती उरते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्या सक्तीमुळे प्रेक्षक बांधला गेला, तिच्यामुळेच पतींना तिकीटबारीची धास्ती नव्हती. त्यांच्या स्वातंत्र्याची किंमत ज्याने मोजली, त्याला ते स्वातंत्र्य हवे आहे का हे विचारले गेले नाही. पुढे चित्रगृहांचे मालक या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९९ साली न्यायालयाने ती वैध ठरवली. त्या खटल्यात सरकार होते, चित्रगृहांचे मालक होते. अंधारात बसणारा मात्र पक्षकार नव्हता.

पती १९७५ साली वारले. २००० नंतरच्या वर्षांत त्यांचे लघुपट प्रयोगशील चित्रपटांच्या महोत्सवांत आणि कलादालनांत नव्याने दाखवले जाऊ लागले आणि 'काळाच्या पुढचा' हे विशेषण त्यांना लागले. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजनही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आता 'एक्सप्लोरर' पाहणारा ठरवून येतो, माहितीपत्रक वाचून बसतो आणि शेवटी टाळ्या वाजवतो. त्याची दाद खरी असली तरी स्वस्त आहे. कारण त्याला काय दिसणार हे ठाऊक असते.

म्हणून त्या काळच्या प्रेक्षकाला अडाणी म्हणण्याची घाई करू नये. पाळी संपवून, घामाच्या पैशाने नटनट्या पाहायला आलेल्या माणसाने समोरच्या विजेच्या किंकाळीला शिट्टीने उत्तर देणे हीसुद्धा समीक्षाच. आपल्याला उपदेश करणाऱ्या पडद्याकडे त्याने पाठ फिरवली होती. तोच पडदा पहिल्यांदा त्याला काही न शिकवता त्याच्याशी बोलू पाहत होता, आणि तोवर बाहेर थांबण्याची सवय पक्की झाली होती. या तुटलेल्या भेटीची जबाबदारी प्रेक्षकावर टाकता येत नाही, पतींवरही नाही. ती वीस वर्षे न थांबता बोलणाऱ्या त्या निवेदकाची आहे.