कोपनहेगनचा सामू

माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की त्यात सामूचा आकडा हमखास असतो. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली, एवढे शाळेपासून आपल्याला पाठ असते. सामूची गणिते मीही बारावीत सोडवली. मात्र हा आकडा मुळात कोणाला आणि कशासाठी लागला, हे पुष्कळ वर्षांनी कळले. त्याचा माग एका बिअरच्या कारखान्यापर्यंत जातो.

कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग कारखान्याचे मालक जे. सी. याकोबसेन यांनी १८७५ मध्ये बिअरनिर्मितीमागचे शास्त्र तपासण्यासाठी प्रयोगशाळा काढली. तिथले महत्त्वाचे निष्कर्ष गुप्त ठेवायचे नाहीत, असा त्यांचा दंडक होता. १९०१ मध्ये तिच्या रसायन विभागाची सूत्रे सोरेन सोरेनसेन यांच्याकडे आली. ते विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, अभ्यास करीत होते. विकराचे काम आम्लतेवर अवलंबून असते. पण कोणत्या आम्लतेवर?

रूढ रीत अनुमापनाची होती. द्रावणात अल्कली थेंबाथेंबाने सोडायची आणि आम्ल संपेपर्यंत ती किती लागली ते मोजायचे. या रीतीने समान संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल सारखेच ठरतात. आयनांचा हिशेब वेगळे सांगतो. लिटरमध्ये ०.१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असेल, तर जवळपास सगळे हायड्रोजन आयन मोकळे असतात आणि सामू १ येतो. तेवढ्याच ॲसिटिक आम्लात शंभरातला जेमतेम एक रेणू विलग झालेला असतो, सामू २.९ च्या आसपास राहतो. अल्कलीने मोकळे आयन टिपले की समतोल ढळतो आणि बांधलेले आयन सुटू लागतात. म्हणून शेवटी दोघांना अल्कली सारखीच लागते. अनुमापन एकूण साठा सांगते, त्या क्षणी मोकळे किती आहे ते सांगत नाही.

विकरांना कळते ते मोकळे, हे सोरेनसेन यांनी १९०९ च्या निबंधात दाखवून दिले. ०.००००००१ असे आकडे लिहिणे गैरसोयीचे, म्हणून त्यांनी दहाचा ऋण घातांक घेतला आणि चिन्ह सोडून दिले. राहिले ते नुसते ७. हाच आपला सामू.

१९०८ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स हेंडरसन यांनी बफर द्रावणांचा समतोल समीकरणात बांधला होता. पुढे कोपनहेगनच्याच कार्ल हासेलबाल्क यांनी तो सोरेनसेनच्या घातांकात मांडला. रक्तासाठी हिशेब असा : बायकार्बोनेटला विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडने भागायचे, भागाकाराचा लॉगरिदम घ्यायचा आणि त्यात ६.१ मिळवायचे. निरोगी रक्तात हे प्रमाण २० ला १ असते. २० चा लॉगरिदम १.३, सामू ७.४.

सोरेनसेनच्या निबंधानंतर ४३ वर्षांनी, १९५२ च्या उन्हाळ्यात, कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेग्डॅम रुग्णालयात श्वसनयंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा एकूण साठा मोजला जात होता आणि तो वाढलेला होता. हा साठा मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात असतो, म्हणून रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा अर्थ लावला गेला.

भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांना तो पटला नाही. समजा, बायकार्बोनेट २४ वरून ३० मिलिमोलवर गेले. पण विरघळलेला वायू १.२ वरून ३ वर चढला. आता प्रमाण १० ला १ उरले. १० चा लॉगरिदम १, म्हणजे सामू ७.१. साठा वाढला, तरी रक्त आम्लच झाले. सातच्या वरच आहे म्हणून तो आकडा निर्धोक वाटेल, पण ०.३ ची घट म्हणजे हायड्रोजन आयन दुप्पट. रुग्ण श्वास पुरेसा सोडू शकत नव्हते आणि वायू आत कोंडत होता, असे इब्सेन यांचे म्हणणे होते. पॉल आस्ट्रुप यांनी प्रत्यक्ष रक्ताचा सामू मोजला, तेव्हा ते खरे ठरले.

२७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली गेली आणि हाताने पिशवी दाबून तिला श्वास देण्यात आला. ती वाचली. एवढ्या रुग्णांना पुरतील इतकी यंत्रे नव्हती. तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावले गेले. सुमारे दीड हजार तरुण पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात बहुतेक इतिहासकार इथूनच धरतात.

बारावीत ते समीकरण मला चार गुणांचे वाटले होते. आता ते लिहिताना त्या पिशव्या आठवतात.