मालकी हक्काची सदनिका

मालकी हक्काची सदनिका (बोलीभाषेत 'ओनरशिप फ्लॅट') म्हणजे बहुमजली इमारतीतील, विकत घेतलेला आणि स्वतंत्र वापराचा निवासी गाळा होय. स्वतःच्या जमिनीवरील घराची मालकी आणि सदनिकेची मालकी या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. महाराष्ट्रात गाळा खरेदीदाराला करारनाम्याने मिळतो, गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व भागप्रमाणपत्राने मिळते, आणि जमीन व इमारत अभिहस्तांतरणाच्या दस्ताने संस्थेच्या नावे होते. पहिल्या दोन बाबी सहसा वेळेवर पार पडतात. तिसरी मात्र कित्येक इमारतींत वर्षानुवर्षे रखडलेली आढळते.

पार्श्वभूमी

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठली आणि भाड्याने देण्यासाठी इमारती बांधणे किफायतशीर राहिले नाही. बांधकाम व्यावसायिक गाळे विकू लागले. या नव्या व्यवहारात फसवणुकीचे प्रकार वाढल्याने राज्याने १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम केला. तो 'मोफा' या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. १९७० मध्ये अपार्टमेंट मालकीचा स्वतंत्र कायदा आला. २०१६ चा स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम हा केंद्राचा कायदा असून त्याखालील 'महारेरा' हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून कार्यरत आहे. या केंद्रीय कायद्याने मोफा रद्द झालेला नाही. पुढे वर्णिलेल्या मानीव अभिहस्तांतरणाचा आधार आजही मोफाच आहे.

करारनामा आणि खर्च

स्थावर संपदा अधिनियमानुसार नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी प्रवर्तकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. करारनाम्याची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते आणि तिचा उतारा 'सूची क्रमांक २' म्हणून मिळतो. मोठ्या शहरांत स्थानिक अधिभार धरून मुद्रांक शुल्क साधारण ६ ते ७ टक्के पडते. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये असते. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर वस्तू व सेवा कर लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या सदनिकेवर लागत नाही. बँका कर्जाची मर्यादा ठरवताना मुद्रांक व नोंदणी शुल्क सहसा किमतीत धरत नाहीत. त्यामुळे घराच्या किमतीतील स्वतःचा वाटा आणि हे शुल्क असा दुहेरी भार खरेदीदाराला रोखीने उचलावा लागतो.

कर्जाच्या हप्त्याचे गणित प्रथमच घर घेणाऱ्याने एकदा कागदावर मांडून पाहण्याजोगे आहे. ३० लाख रुपयांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल जेमतेम ४,८०० रुपयांनी घटते. मुदतीचा निम्मा काळ, म्हणजे १० वर्षे, उलटल्यावरही जवळपास २१ लाख रुपये येणे बाकी असतात. संपूर्ण मुदतीत फेडलेली रक्कम ६२ लाखांच्या वर जाते. दर बदलता असल्यास व्याज वाढले की बँका अनेकदा हप्त्याऐवजी मुदत वाढवतात, आणि हा बदल कर्जदाराच्या चटकन लक्षात येत नाही.

क्षेत्रफळ

कायद्याने विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रावर, होणे अपेक्षित आहे. अंतर्गत दुभाजक भिंती त्यात धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, सज्जा व गच्ची धरत नाहीत. मराठी परिभाषेने येथे एक गोंधळ करून ठेवला आहे. भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे दर्शवणाऱ्या गुणोत्तरालाही 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात, त्यामुळे दोन अगदी वेगळ्या कल्पना एकाच नावाखाली वावरतात. वाहनतळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, मोफाखाली खांबांमधील व उघडी वाहनतळाची जागा सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय दिला.

अभिहस्तांतरण

'अभिहस्तांतरण' हा शब्द शासकीय आहे. खरेदीखत म्हटले की अर्थ लगेच उलगडतो. फरक इतकाच, की येथे खरेदीदार व्यक्ती नसून संस्था असते. मोफाखालील नियमांनुसार संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत प्रवर्तकाने जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावयाची असते. स्थावर संपदा अधिनियमात भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांची मुदत आहे.

मुदत टळण्याचे मुख्य कारण आर्थिक असते. जमीन प्रवर्तकाच्या ताब्यात असेपर्यंत शिल्लक किंवा पुढे वाढलेला चटई क्षेत्र निर्देशांक त्याच्या हाती राहतो. इकडे मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर मूळ जमीनमालकाचे नाव तसेच राहते. तो निवर्तल्यावर वारसांची नावे चढतात, आणि एका सहीचे काम दहा सह्यांवर जाते. सदनिकाधारक दरम्यान कर भरतात, दुरुस्त्या करतात, गाळे विकतातही. उणीव उघडी पडते ती इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाचा प्रश्न निघाल्यावर, कारण ज्या जमिनीच्या बळावर नवा विकासक येणार ती संस्थेच्या नावावरच नसते.

२००८ च्या दुरुस्तीने यावर 'मानीव अभिहस्तांतरणा'चा मार्ग खुला केला. 'मानीव' म्हणजे प्रत्यक्षात झाले नसले तरी कायद्याने झाले असे मानलेले. संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, नमुना ७ मध्ये अर्ज करते. प्रवर्तक व जमीनमालक यांना नोटीस काढून म्हणणे मांडण्याची संधी दिली जाते आणि सहा महिन्यांच्या आत निर्णय देणे अपेक्षित असते. आदेशाबरोबर प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपले, असा समज सर्वत्र दिसतो. वस्तुतः त्यानंतर दस्ताचे मुद्रांक शुल्क निश्चित करून घ्यावे लागते, दस्ताची नोंदणी करावी लागते आणि नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज स्वतंत्रपणे द्यावा लागतो. सभासदांनी आपापल्या करारनाम्यांवर भरलेले शुल्क वजा मिळत असल्याने तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे कागद या टप्प्यावर मोलाचे ठरतात.

संस्था आणि देखभाल

ताबा मिळाल्यानंतरचा मासिक आकार हा मालकीचा कायमचा खर्च असतो. आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के, तर निक्षेप निधी किमान ०.२५ टक्के दराने जमा करावयाचा असतो. सदनिका भाड्याने दिल्यास सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क आणि विकल्यास कमाल २५,००० रुपये हस्तांतरण अधिमूल्य आकारता येते. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत आढळलेले रचनात्मक दोष प्रवर्तकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचे असतात. बँकेच्या व्यवहारात नामनिर्देशनाचा जो अर्थ तोच येथेही आहे: नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे संस्था भाग वर्ग करते, पण मालकी वारसा कायद्याने ठरते.

अपार्टमेंट पद्धती

१९७० च्या कायद्याखालील इमारतींत संस्था मालक नसते. घोषणापत्र नोंदवल्यानंतर प्रत्येक धारकाच्या नावे स्वतंत्र दस्त होतो आणि त्यात जमीन व सामाईक जागेतील त्याचा अविभाज्य हिस्सा टक्केवारीत नमूद असतो. देखभालीचा खर्चही या टक्केवारीच्या प्रमाणात विभागला जातो.