अडीचशे चौरस फुटांचं घर

मोबाईलवर सध्या 'छोटं घर मोठं कसं दिसेल' याचे व्हिडिओ धो धो येतात. भिंतीला पांढरा रंग द्या, आरसा लावा, पलंगाखाली कप्पे करा. ते बघताना मला आपल्या उमरगा-लोहाऱ्याकडची भूकंपानंतरची घरं आठवतात. तिथल्या लोकांनी हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी सोडवायला घेतला, तोही आरशाशिवाय.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली. किल्लारी, सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी... लातूर आणि आपला जिल्हा मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली. खरं मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर.

पण तीच घरं राहायला ऐसपैस होती, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हा घर चौरस फुटांत नाही, खणांत मोजायचे. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. गरिबाचं घर दोन-तीन खणांचं असलं तरी भिंतीच्या जाडीत कोनाडे, धान्याला बळद, भांड्यांची उतरंड, आणि सकाळी अंथरुणाच्या वळकट्या करून कोपऱ्यात. दिवसभर जमीन मोकळी. येणारा-जाणारा ओसरीवर टेकायचा. उन्हाळ्यात अख्खं घर माळवदावर झोपायला. म्हणजे छतही खोलीच की!

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसली. घर किती मोठं, हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढं ७५०. घरात खाणारी तोंडं किती, यावर माप नव्हतं. शेतमजुराच्या घरात सात माणसं असली तरी अडीचशेच. घर आखडलं आणि गाव मात्र पसरलं. सरळ रेषेतले रुंद रस्ते, शेजारी लांब.

मग लोकांनी आपल्या पद्धतीनं घर वाढवलं. पुढं पत्र्याचं शेड काढलं, ती झाली ओसरी. चूल बाहेर नेली. कूड घालून अंगण केलं. बऱ्याच ठिकाणी संडासात सरपण भरलं, त्यावरून अधिकाऱ्यांनी नावं ठेवली. पण सरपण ठेवायला दुसरी जागा नकाशात होती कुठं? स्लॅबखाली झोपायची भीती होती, त्यामुळं कित्येकजण वर्षानुवर्षं शेडातच झोपले.

हे आज का काढलं? प्रधानमंत्री आवासचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. भूकंपग्रस्त भूमिहीनाला मिळालं होतं, जवळपास तेवढंच. फरक एवढाच की तेव्हा भोवती मोकळी जागा होती. आता गावठाणात भिंतीला भिंत. ज्याला जागाच नाही त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला मदत मिळते, ती ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला. त्यात घर, संडास, न्हाणी, शेळी बांधायची. अंगण कुठं काढायचं?

ग्रामसभेत यादीत नाव आहे का, एवढंच विचारलं जातं. जागा किती, हे कुणी विचारताना मी तरी ऐकलं नाही. सास्तूर-पेठसांगवीकडच्या वाचकांनो, तुमच्या अडीचशेचं पुढं काय झालं? शेड अजून आहे, की तिथं खोली चढली? खाली लिहा.