भिन्न कालखंडांतील विजेत्या बास्केटबॉल संघांची तुलना

भिन्न कालखंडांतील विजेत्या संघांची तुलना हा व्यावसायिक बास्केटबॉलच्या, विशेषतः अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या (एनबीए) इतिहासात सातत्याने चर्चिला जाणारा विषय आहे. या चर्चेत दोन वेगळे प्रश्न बहुधा एकत्र मिसळले जातात. एखाद्या संघाने आपल्या समकालीन प्रतिस्पर्ध्यांवर किती वर्चस्व गाजवले, हा पहिला प्रश्न होय. दोन काळांतील संघ समोरासमोर आले असते तर कोण जिंकले असते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोंदींच्या आधारे देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र सामना कोणत्या काळाच्या नियमांनी खेळवला जाईल यावर अवलंबून असते.

विजयसंख्या

नियमित हंगामात ८२ सामने खेळण्याची पद्धत १९६७-६८ पासून रूढ आहे. १९७१-७२ मध्ये लॉस एंजेलस लेकर्सने सलग ३३ सामने जिंकण्याचा विक्रम केला आणि ६९ विजयांसह विजेतेपद मिळवले. १९८५-८६ च्या बॉस्टन सेल्टिक्सने ६७ विजय मिळवले व घरच्या मैदानावर केवळ एक सामना गमावला. १९९५-९६ च्या शिकागो बुल्सने ७२ सामने जिंकून अंतिम मालिकेत सिॲटल सुपरसॉनिक्सला ४-२ असे पराभूत केले.

२०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने ७३ विजयांसह बुल्सचा विक्रम मोडला. परंतु अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी घेऊनही हा संघ क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सकडून ३-४ असा हरला. त्यामुळे सर्वाधिक विजयांचा विक्रम विजेत्या नसलेल्या संघाच्या नावावर आहे. पुढील हंगामात केविन ड्युरँट संघात आल्यानंतर वॉरियर्सने नियमित हंगामात ६७, तर प्लेऑफमध्ये १७ पैकी १६ सामने जिंकून विजेतेपद मिळवले.

गुणफरक

केवळ विजयसंख्येपेक्षा प्रतिसामना सरासरी गुणफरक हे वर्चस्वाचे अधिक स्थिर माप मानले जाते. १९७१-७२ चे लेकर्स आणि १९७०-७१ चे विजेते मिलवॉकी बक्स या दोन्ही संघांचा गुणफरक सुमारे १२.३ होता. १९९५-९६ च्या बुल्सचा १२.२, तर २०१६-१७ च्या वॉरियर्सचा ११.६ होता. २०२४-२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने १२.९ असा उच्चांक गाठला. तथापि त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये हा संघ सात सामने हरला आणि विजेतेपदाचा निकाल अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात लागला. याउलट २०००-०१ च्या लेकर्सने नियमित हंगामात ५६ सामनेच जिंकले होते, पण प्लेऑफमध्ये त्यांना एकच पराभव पत्करावा लागला.

नियमांतील बदल

तीन गुणांची रेषा एनबीएमध्ये १९७९-८० च्या हंगामात आली. त्या वर्षी एक संघ प्रत्येक सामन्यात अशा फेकीचे सरासरी तीनहून कमी प्रयत्न करी. १९९५-९६ मध्ये ही सरासरी सुमारे १६, तर २०१६-१७ मध्ये २७ होती. बुल्सने १९९५-९६ च्या नियमित हंगामात अशा ५४४ फेकी यशस्वी केल्या, तर वॉरियर्सने २०१५-१६ मध्ये १,०७७. त्यांपैकी ४०२ एकट्या स्टीफन करीच्या होत्या. मात्र १९९४ ते १९९७ या तीन हंगामांत ही रेषा सर्व बाजूंनी ६.७१ मीटरवर आणली होती. नंतर कोपरे वगळता ती पुन्हा ७.२४ मीटरवर नेण्यात आली.

बचावाचे नियमही बदलले. क्षेत्रबचावावरील बंदी २००१-०२ मध्ये उठवण्यात आली. चेंडू नेणाऱ्या खेळाडूला हाताने अडवण्यावरील निर्बंध २००४-०५ पासून अधिक काटेकोरपणे लागू झाले. त्यामुळे मायकेल जॉर्डन व स्कॉटी पिपेन यांचा बचाव आणि करीची लांब पल्ल्याची फेक ही दोन्ही कौशल्ये आपापल्या काळाच्या नियमांत विकसित झाली, असे म्हणता येते.

स्पर्धेचे स्वरूप

सेल्टिक्सने १९५७ ते १९६९ या १३ हंगामांत ११ विजेतीपदे पटकावली. त्यांपैकी आठ सलग होती. या सलग विजेतेपदांच्या काळात स्पर्धेत आठ किंवा नऊच संघ होते आणि विजेतेपदासाठी सेल्टिक्सला बहुतेक वर्षी दोनच मालिका जिंकाव्या लागत. हे त्यांच्या यशाचे मोल कमी करणारे कारण म्हणून सांगितले जाते. पण कमी संघ असल्यामुळे प्रत्येक संघात उत्तम खेळाडू एकवटलेले होते, असाही प्रतिवाद केला जातो. १९९५-९६ मध्ये टोरांटो व व्हँकूव्हर हे नवे संघ आल्याने संघसंख्या २९ झाली. विस्तारामुळे स्पर्धा सौम्य झाली, असा आक्षेप बुल्सबाबत घेतला जातो. त्याच बुल्सच्या दहा पराभवांपैकी एक नवख्या टोरांटोकडून झालेला होता.

प्लेऑफच्या नोंदींचीही थेट तुलना करता येत नाही. पहिल्या फेरीची मालिका २००२ पर्यंत पाच सामन्यांची होती व २००३ पासून ती सात सामन्यांची झाली. त्यामुळे बुल्सला विजेतेपदासाठी १५, तर वॉरियर्सला १६ विजय आवश्यक होते.

तुलनेच्या मर्यादा

चेंडू हिरावणे आणि फेक अडवणे यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासूनच ठेवली जाते. त्यामुळे बिल रसेल व विल्ट चेंबरलेन यांनी संपूर्ण कारकिर्दीत अडवलेल्या फेकी अधिकृत आकडेवारीत नाहीत. केवळ आधुनिक निर्देशांकांच्या आधारे केलेल्या क्रमवारीत जुन्या बचावपटूंचे योगदान त्यामुळे कमी दिसण्याचा संभव असतो. दुसरीकडे, आहार, वैद्यकीय उपचार व प्रशिक्षणातील प्रगतीचा लाभ नंतरच्या खेळाडूंना मिळाला आहे.

या वादाच्या दोन्ही बाजूंशी स्टीव्ह कर यांचा प्रत्यक्ष संबंध आहे. ते १९९५-९६ च्या बुल्सचे खेळाडू होते आणि वॉरियर्सच्या वरील दोन्ही हंगामांत त्या संघाचे प्रशिक्षक होते. २०१७ मध्ये जुने विजेते संघ वॉरियर्सला सहज हरवतील अशी विधाने होऊ लागली, तेव्हा त्यांनी उपरोधाने ती मान्य करून काळ पुढे जातो तसे खेळाडू अधिकाधिक वाईट होत जातात, अशी टिप्पणी केली होती.