संगणकावरील जुनी विमाने आणि त्यांच्या खोडी

संगणकावर विमान चालविण्याचा आभास निर्माण करणाऱ्या प्रणालीला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात, आणि मूळ उत्पादकाने न दिलेले एखादे विमान इतरांनी तयार करून तिला जोडले की त्या जोडणीला अ‍ॅड-ऑन असे म्हटले जाते. अशा अ‍ॅड-ऑनमध्ये जुन्या, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातील विमानांचा भरणा मोठा आहे. वरवर पाहता हे युद्धकथांच्या आकर्षणाचे फळ वाटते. परंतु या व्यवसायाचा इतिहास तपासला तर त्याचे खरे कर्तृत्व विमानांच्या देखण्या प्रतिकृती घडविण्यापेक्षा त्यांच्या खोडी जतन करण्यात आहे, असे म्हणावे लागते.

सिम्युलेटरची कुळकथा संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकेतील बिंगहॅमटन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनविण्याचा कारखाना होता. तेथील भात्यांचे तंत्र वापरून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डोलणारे आणि वळणारे एक बुटके विमान तयार केले, जे प्रारंभी करमणुकीच्या बागांतच अधिक खपले. १९३४ मध्ये हवाई टपालाचे काम अमेरिकी लष्कराकडे आले, केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव नसलेले वैमानिक खराब हवामानात एकापाठोपाठ एक प्राणास मुकले, आणि मग लष्कराने लिंक यांच्याकडून अशी सहा यंत्रे घेतली. महायुद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली होती.

घरगुती संगणकावरील सिम्युलेटरचा आरंभच एका युद्धविमानाने झाला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. इलिनॉय विद्यापीठात उड्डाणाच्या संगणकीय चित्रणावर प्रबंध लिहिणारे ब्रूस आर्टविक यांनी १९८० मध्ये अ‍ॅपल-२ संगणकासाठी जे पहिले फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आणले, त्यातील विमान पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमलच्या धर्तीवर होते आणि सोबत हवाई लढाईचा एक खेळही होता. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या आवृत्तीत सेसना १८२ हे नागरी विमान मध्यवर्ती झाले. पुढे १९९८ मध्ये लढाईसाठी कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर ही स्वतंत्र मालिका निघाली. ती २००२ च्या तिसऱ्या भागानंतर थांबली, मात्र नागरी मालिका चालू राहिली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर किंवा मस्टँगसारखी लढाऊ विमाने नागरी सिम्युलेटरमध्ये येऊ लागली ती बहुधा निःशस्त्र होऊनच, आणि गोळीबाराची सोय नसल्यामुळे तयार करणाऱ्यांचे सारे लक्ष इंजिन, हवामान आणि उतरण्याची कला यांकडे वळले. हा तोटा नसून लाभच होता.

२००१ च्या सुमारास जीमॅक्स हे त्रिमितीय आकार घडविण्याचे साधन मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरच्या व्यावसायिक आवृत्तीसोबत मिळू लागले आणि हौशी मंडळींच्या हाती कारखानाच आला. काही जण आपले काम विनामूल्य वाटत, त्याला फ्रीवेअर म्हणत. काही जण विकत, ते पेवेअर. जुलै २००३ मध्ये, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दी वर्षात, मायक्रोसॉफ्टनेच राइट फ्लायर, डीसी-३ आणि लिंडबर्ग यांचे स्पिरिट ऑफ सेंट लुइस अशी ऐतिहासिक विमाने मूळ संचात दिली. लिंडबर्ग यांच्या विमानात मुख्य इंधनटाकी वैमानिकाच्या पुढे असल्याने समोरचे काहीच दिसत नसे. त्यामुळे धावपट्टी पाहायची तर विमान तिरके वळवून बाजूच्या खिडकीतून डोकावावे लागते, हे वापरणाऱ्याला पहिल्याच उतरणीत उमगते.

तरीही या काळापर्यंतची बहुतेक युद्धविमाने बाहेरून वेगळी आणि आतून एकसारखीच होती. विमानाच्या वागण्याचे गणित, ज्याला फ्लाइट मॉडेल म्हणतात, ते वेग, कोन आणि बल यांच्या ठरावीक तक्त्यांवर चाले, आणि इंजिन कितीही पिळले तरी तक्रार करत नसे. प्रत्यक्षातील स्पिटफायर मात्र तक्रारखोर होते. त्याचे चाक खाली असताना पंखाखालच्या रेडिएटरकडे जाणारी हवा अडे, त्यामुळे जमिनीवर रेंगाळणाऱ्या वैमानिकाचे इंजिन पाहता पाहता तापे. नाक एकदम खाली दाबले की त्याच्या मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधील इंधन वर उसळे आणि इंजिन क्षणभर गचके, तर थेट इंधन फवारणी असलेल्या जर्मन मेसरश्मिट १०९ ला ही अडचण नव्हती. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातील अभियंता बिॲट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये इंधनाचा प्रवाह मर्यादित करणारी एक छोटी सच्छिद्र चकती बसवून हा दोष पुष्कळसा आवरला. उड्डाणाच्या वेळी मर्लिनचे विमान डावीकडे ओढे, आणि नंतरच्या ग्रिफन इंजिनाचा पंखा उलट फिरत असल्याने तेच विमान उजवीकडे ओढू लागे. पायाच्या सवयी बदलाव्या लागत त्या यामुळेच.

या खोडी संगणकात आणण्यासाठी आधार मिळाला तो ब्रिटिश हवाई मंत्रालयाने वैमानिकांसाठी छापलेल्या पुस्तिकांचा, ज्यांत इंजिनाच्या मर्यादा, तापमान आणि उड्डाणापूर्वीची कामे क्रमाने दिलेली असत. एटूए सिम्युलेशन्स या कंपनीने अ‍ॅक्यू-सिम नावाच्या तंत्रात याच्याही पुढचे पाऊल टाकले: इंजिनाची झीज एका उड्डाणातून दुसऱ्यात जमा होऊ लागली. तिच्या बोइंग ३७७ स्ट्रॅटोक्रूझरच्या प्रत्येक इंजिनात २८ सिलिंडर आणि ५६ स्पार्क प्लग, म्हणजे चार इंजिनांत २२४. इतका पसारा सांभाळताना, आकाशात इंजिनासाठी वेगळा अभियंता का बसे याचे उत्तर आपोआप मिळते.

अर्थात ही विश्वासार्हता कागदांवर आणि उडणाऱ्या विमानांवर अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरच्या २०२२ मधील चाळिसाव्या वर्धापन आवृत्तीत अमेरिकी उद्योगपती ह्यूजेस यांचे अजस्र लाकडी विमान सामील केले गेले. पण ते २ नोव्हेंबर १९४७ रोजी एकदाच, मिनिटभरही नाही, पाण्यावरून उठले होते, तेव्हा त्याचे उंचावरील वागणे संगणकावर कितीही सफाईदार दिसले तरी तो अंदाजच.

भारतीय विमानांच्या बाबतीत कागदपत्रांची ही उणीव अधिक जाणवते. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे अमेरिकी विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या जातीचे विमान सिम्युलेटरमध्ये मिळते, कारण त्याची अमेरिकी कागदपत्रे टिकली. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेल्या आणि १९५१ मध्ये उडालेल्या एचटी-२ प्रशिक्षण विमानासाठी तसा आधार भारतातूनच यायला हवा. ज्यांच्या घरी विमान कंपन्यांतून किंवा हवाई दलातून निवृत्त झालेल्या वडीलधाऱ्यांची चालन-पुस्तिका, देखभालीच्या वह्या किंवा कॉकपिटची छायाचित्रे पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी एखाद्या संग्रहालयाकडे किंवा ग्रंथालयाकडे सोपवावीत.