पलटण आणि पोलीस चौकशी

रेल्वेत लागताना आपण सगळ्यांनीच अटेस्टेशन फॉर्म भरला आहे. वडिलांचे नाव, जन्मगाव, गेल्या पाच वर्षांतले पत्ते, कधी अटक झाली होती काय. डिप्लोमा करून २००४ साली मी लागलो, तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोलीस शिपाई चौकशीला आला. मुलगा कसा आहे, एवढेच त्याने विचारले. आजोबांनी त्याला माझ्या पणजोबांची पलटण सांगितली. शिपाई हसला म्हणे. त्याच्या कागदात तो रकानाच नव्हता!

पण एके काळी तोच रकाना पहिला होता. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीच्या फौजेतून लढलेल्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पुढे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत बळावला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. उमेदवाराची छाती मोजण्याआधी त्याचे कूळ पाहिले जाऊ लागले. नापास करण्यासारखा गुन्हा कोणताच नव्हता. ज्यांचे बाप-आजे सुभेदार झाले होते, त्यांच्याच मुलांना दार बंद.

निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. आमच्या वाडवडिलांनी चाकरी केली आहे, हा या मंडळींचा मोठा आधार. म्हणजे कुळाच्या आक्षेपाला उत्तरही कुळानेच द्यावे लागले. मला ही गोष्ट फार लागते.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा सरकारला चाकरी आठवली. १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. पणजोबा त्यातलेच. घरी परत आले ते गावकीच्या कामाला. अखेर डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे.

स्वतंत्र भारताच्या घटनेतील कलम १६ प्रमाणे सरकारी नोकरीत जात, कूळ वा जन्मस्थान यांवरून भेदभाव करता येत नाही. फॉर्मवर वडिलांचे नाव असते ते ओळख पटवण्यासाठी.

१९४१ साली आजोबा वीस वर्षांचे होते. तेही भरतीला गेले आणि छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून परत आले. "छातीने नापास झालो रे, जातीने नाही," असे ते आम्हा नातवंडांना सांगत, आणि मोठ्याने हसत.